दारात ठेवलेले बूट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे : कॉम्प्युटरबद्दल बोलायचं नाही. अट मान्य आहे. कारण ज्याच्याबद्दल बोलायचं मी ठरवलंय, त्या माणसाला जाऊन दोनशे चाळीस वर्षं झाली. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. अठराव्या शतकातला इंग्लंडमधला कोशकार, निबंधकार, कवी, टीकाकार आणि चरित्रकार.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो दोन गोष्टींमुळे ऐकून माहीत असेल. एक म्हणजे त्याने इंग्रजीचा मोठा शब्दकोश केला. दुसरी म्हणजे बॉझवेल नावाच्या त्याच्या तरुण मित्राने त्याचं चरित्र लिहिलं, आणि ते चरित्र जॉन्सनच्या स्वतःच्या पुस्तकांपेक्षाही जास्त गाजलं. मला मात्र तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. जॉन्सनला आयुष्यात कोणी, केव्हा आणि कशी मदत केली, आणि त्याने स्वतः इतरांना कशी केली, याबद्दल. दुपारच्या सत्रात आपल्या बॅचच्या विद्यार्थी मदतनिधीची चर्चा आहे. त्याआधी या माणसाची ओळख झालेली बरी, असं मला वाटलं.

जॉन्सन १७०९ साली इंग्लंडच्या मध्यभागातल्या लिचफिल्ड या गावी जन्मला. वडील पुस्तकविक्रेते. राहणं आणि दुकान एकाच घरात. म्हणजे घरात पुस्तकं भरपूर आणि पैसा बेताचा. तान्हेपणीच त्याला गंडमाळांचा आजार झाला. चेहऱ्यावर आणि मानेवर व्रण राहिले, एका डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं, ऐकूही कमी यायला लागलं. राजाच्या किंवा राणीच्या हाताच्या स्पर्शाने हा आजार बरा होतो, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून आईने अडीच वर्षांच्या पोराला थेट लंडनला नेऊन ॲन राणीचा हात लावून आणला. गुण आला नाही. पुढे त्याला अंगाला झटके देण्याची, मान हलवत राहण्याची, मधूनच तोंडाने आवाज करण्याची सवय जडली. ती त्याच्या ताब्यातली नव्हती. लोक बघत राहायचे.

गावच्या शाळेत हुशार म्हणून नाव झालं आणि १७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. समोरच क्राइस्ट चर्च नावाचं श्रीमंतांचं कॉलेज. तिथे त्याचा शाळासोबती टेलर शिकत होता. टेलरच्या कॉलेजातल्या एका शिक्षकाची व्याख्यानं फार चांगली असत. जॉन्सन रोज टेलरकडे जाऊन ती त्याच्याकडून समजून घ्यायचा. फी भरता येत नसेल तर मित्राची वही आहेच, हे आपल्याकडेही नवीन नाही.

जॉन्सनचे बूट इतके फाटले होते की पायाची बोटं बाहेर दिसत. क्राइस्ट चर्चमधल्या मुलांची नजर आपल्या पायांकडे जाते आहे, हे एक दिवस त्याच्या लक्षात आलं. त्याने तिकडे जाणं बंद केलं. मग कोणीतरी, बहुधा अगदी चांगल्या मनाने, नव्या बुटांचा एक जोड गुपचूप त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवला. जॉन्सनने ते बूट संतापाने फेकून दिले.

ही गोष्ट बॉझवेलच्या चरित्रात आहे, आणि ती सांगताना बहुतेक जण जॉन्सनच्या बाणेदारपणाचं कौतुक करतात. मी ती जरा वेगळ्या बाजूने बघते. बूट ठेवणाऱ्याने काय चूक केली? त्याने गाजावाजा केला नाही. नाव सांगितलं नाही. आभारांची अपेक्षा ठेवली नाही. तुमच्या-माझ्यापैकी कोणीही असंच केलं असतं. तरी ती मदत वाया गेली. मदत करून जर पोरगं अनवाणीच राहिलं, तर देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी कुठेतरी बिघडलं, एवढं मान्य करावं लागतं. काय बिघडलं, याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

जेमतेम तेरा महिन्यांत पैसे संपले आणि जॉन्सन पदवी न घेता ऑक्सफर्ड सोडून घरी आला. दोनच वर्षांनी वडील वारले. शिक्षक व्हावं म्हणून तो खटपट करत राहिला, पण पदवी नव्हती. सॉलिहल नावाच्या गावच्या शाळेने त्याचा विचार केला आणि नकार दिला. त्याच्या विद्वत्तेबद्दल त्यांना शंका नव्हती. पण त्याचा स्वभाव ताठ आहे आणि त्याच्या वेड्यावाकड्या हावभावांचा मुलांवर परिणाम होईल, अशी त्यांना भीती वाटली.

१७३५ मध्ये त्याने एलिझाबेथ पोर्टर नावाच्या विधवेशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी होती. तिच्याच पैशातून त्याने लिचफिल्डजवळ ईडियल इथे स्वतःची शाळा काढली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच मुलं आली. दीड वर्षाच्या आतच शाळा बंद करावी लागली. शिक्षक म्हणून हा माणूस पूर्ण अयशस्वी ठरला, असं कोणीही म्हणालं असतं. पण त्या चार-दोन मुलांत डेव्हिड गॅरिक नावाचा एक मुलगा होता. २ मार्च १७३७ रोजी सत्तावीस वर्षांचा मास्तर आणि वीस वर्षांचा त्याचा विद्यार्थी असे दोघे मिळून नशीब काढायला लंडनला निघाले. दोघांत एकच घोडा होता आणि ते आलटूनपालटून त्यावर बसत होते, असं सांगतात. विद्यार्थी थोड्याच वर्षांत इंग्लंडचा सर्वांत मोठा नट झाला. मास्तरला नाव मिळायला अठरा वर्षं लागली.

ही अठरा वर्षं त्याने लेखणी घासून काढली. एडवर्ड केव्ह याच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकासाठी तो भाषांतरं करी, चरित्रं लिही, पार्लमेंटमधल्या चर्चांचे वृत्तांत तयार करी. पार्लमेंटचं कामकाज छापायला तेव्हा बंदी होती. म्हणून काल्पनिक देशाच्या नावाखाली, हाती आलेल्या तुटपुंज्या टिपणांवरून, तो भाषणं जवळजवळ स्वतःच रचायचा. रिचर्ड सॅव्हेज नावाचा एक कफल्लक कवी त्याचा मित्र होता. रात्री निजायला जागा नसल्यामुळे दोघे लंडनच्या रस्त्यांवरून रात्रभर चालत राहायचे. सॅव्हेज पुढे तुरुंगात मेला. जॉन्सनने १७४४ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. त्यात त्याने मित्राचे दोष झाकले नाहीत. पण ज्याला स्वतःला उपाशी राहावं लागलं नाही, त्याने या माणसाचा न्याय करायची घाई करू नये, ही समज त्या पुस्तकात शेवटपर्यंत आहे.

मग कोश आला. १७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटाने जॉन्सनशी करार केला. मोबदला १,५०० गिनी. एक गिनी म्हणजे एक पौंड आणि एक शिलिंग. याच रकमेतून मदतनिसांचा पगार आणि कामाचा खर्च भागवायचा होता. काम किती दिवसांत होईल, असं विचारल्यावर जॉन्सन म्हणाला, तीन वर्षांत. फ्रेंच अकादमीच्या चाळीस सभासदांना असंच काम करायला चाळीस वर्षं लागली होती, याची कोणीतरी त्याला आठवण करून दिली. त्यावर त्याने एका इंग्रजाची किंमत किती फ्रेंचांएवढी, याचं गणित मांडून ती गोष्ट हसण्यावारी नेली. इथे संयोजकांची अट मी किंचित मोडते. आमच्या धंद्यात 'तीन महिन्यांत देतो' असं सांगून वर्ष लावणारे पायलीला पन्नास मिळतात. जॉन्सनला तीनाऐवजी जवळजवळ नऊ वर्षं लागली. मधेच पहिली मांडणी निकामी ठरली, आणि बरंच झालेलं काम मोडून नव्याने रचावं लागलं.

लंडनमध्ये गफ स्क्वेअरच्या १७ नंबरच्या घरात, वरच्या माळ्यावर हे काम चाले. ते घर आजही उभं आहे आणि बघता येतं. जॉन्सन पुस्तकं वाचायचा. एखादा शब्द चांगला वापरलेला दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायचा आणि समासात शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचा. लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे आणि चिठ्ठ्या अक्षरवार लावायचे. लेखनिक सहा होते. त्यातले पाच स्कॉटिश, आणि स्कॉटिश लोकांची टिंगल करणं हा जॉन्सनचा आयुष्यभराचा छंद! पुस्तकं बरीचशी उसनी आणलेली असत आणि परत जाताना रेघोट्यांनी भरून जात. त्यामुळे पुढे पुढे मित्र त्याला पुस्तक द्यायला कचरायचे. अशा रीतीने ४२,७७३ शब्दांच्या नोंदी आणि सुमारे १,१४,००० अवतरणं जमली. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन जाडजूड खंड बाहेर पडले, तेव्हा जॉन्सन पंचेचाळीस वर्षांचा होता. आपल्या बॅचचं आजचं वय साधारण हेच.

या नऊ वर्षांतली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. सुरुवातीला, १७४७ मध्ये, जॉन्सनने कोशाची योजना छापली आणि ती लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून लिहिली. चेस्टरफिल्ड मोठा उमराव, मंत्री आणि भाषेचा शौकीन. अशा थोराने आश्रय द्यावा आणि लेखकाने पुस्तक त्याला अर्पण करावं, अशी तेव्हाची रीत होती. चेस्टरफिल्डने दहा पौंड दिले. त्यानंतर जॉन्सन त्याच्या बाहेरच्या खोलीत ताटकळला, दारावरून परत आला आणि शेवटी त्याने जाणंच सोडलं. सात वर्षं गेली. १७५२ मध्ये बायको वारली. कोश पूर्ण होत आल्याची बातमी फुटली, तेव्हा चेस्टरफिल्डने एका साप्ताहिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. अर्पणपत्रिकेत आपलं नाव येईल, ही आशा त्यात उघड होती.

७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने त्याला पत्र लिहिलं. इंग्रजीतलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध पत्र. भाषा अत्यंत अदबीची. आशय असा, की हा लोभ आधी दिसला असता तर उपकार झाले असते, पण आता तो माझ्या उपयोगाचा राहिला नाही. जिच्याबरोबर त्याचा आनंद वाटून घ्यायचा ती आता नाही, आणि मला त्याची गरजही उरलेली नाही. चेस्टरफिल्डचा मोठेपणा असा, की त्याने रागावण्याऐवजी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातली वाक्यरचना कशी उत्तम आहे ते दाखवलं. त्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. दारातून किती लोक परत जातात, हे बड्या माणसाला पुष्कळदा ठाऊकच नसतं. पण म्हणून परत जाणाऱ्याचा दिवस काही वाचत नाही.

आता पुढचं ऐका. कोशाने जॉन्सनचं नाव देशभर झालं. ऑक्सफर्डने न दिलेली पदवी आता सन्मान म्हणून दिली. पण १,५०० गिनी केव्हाच खर्च झाल्या होत्या. मार्च १७५६ मध्ये, म्हणजे कोश बाहेर येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जॉन्सनला पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी अटक झाली. त्याने कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनला चिठ्ठी पाठवली. रिचर्डसनने लगेच सहा गिनी पाठवल्या. सहा गिनी म्हणजे सहा पौंड सहा शिलिंग, मागितल्यापेक्षा थोडे जास्तच.

बूट, चेस्टरफिल्ड आणि रिचर्डसन अशा तीन मदती शेजारी शेजारी ठेवून बघा. रिचर्डसनची रक्कम लहान, पण ती मागितली तेव्हा मिळाली, मागितली तेवढी मिळाली, आणि देताना कोणी उपदेश केला नाही. चेस्टरफिल्डची स्तुती मोठी, पण ती आली तेव्हा काम संपलं होतं. आणि बूट? बूट वेळेवर आले, गरजेचेही होते. पण त्या बुटांनी त्या मुलाला एकच गोष्ट सांगितली : तुझे पाय आम्ही पाहिले आहेत, आणि तुझ्याबद्दल आम्ही आपापसात बोललो आहोत. त्याला काय हवं आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. त्याला खरं तर ती व्याख्यानं हवी होती. फाटक्या बुटांनी का होईना, ती मिळवायला तो रोज जातच होता. नजरांनी ते बंद पाडलं होतं, आणि बुटांनी त्या नजरांवर शिक्कामोर्तब केलं.

जॉन्सन हे कधी विसरला नाही, असं त्याच्या पुढच्या वागण्यावरून मला वाटतं. १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वर्षाला ३०० पौंड पेन्शन दिलं. कोशात याच जॉन्सनने पेन्शन या शब्दाचा अर्थ देताना सरकारी पेन्शनवर सणसणीत टोमणा मारला होता, त्यामुळे लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. हे पेन्शन पुढे सरकारची बाजू लिहिण्यासाठी नाही, आजवर केलेल्या कामासाठी आहे, असं पंतप्रधानांनी सांगितल्यावर त्याने ते घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भाकरीची भ्रांत उरली नाही. मग या पैशाचं त्याने काय केलं?

त्याने घर भरलं. ॲना विल्यम्स नावाची एक कवयित्री मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला आली होती. शस्त्रक्रिया फसली आणि ती पूर्ण आंधळी झाली. ती वर्षानुवर्षं जॉन्सनकडे राहिली, आणि तो रात्री कितीही उशिरा आला तरी तिच्याबरोबर चहा घेतल्याशिवाय झोपत नसे. रॉबर्ट लेव्हेट नावाचा एक अबोल, ओबडधोबड माणूस होता. त्याच्याकडे रीतसर पदवी नव्हती, पण तो लंडनच्या गल्ल्या पायी तुडवत गरिबांना औषध द्यायचा. तोही याच घरात. लेव्हेट १७८२ मध्ये गेला तेव्हा जॉन्सनने त्याच्यावर लिहिलेली कविता त्याच्या उत्तम कवितांत मोजली जाते. याशिवाय आणखी दोघी-तिघी निराधार बायका होत्या. हे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते असं मुळीच नाही. ते एकमेकांशी कडाकडा भांडत, आणि जॉन्सन कधी कधी घरी जायलाच टाळाटाळ करी. पण त्याने कोणाला बाहेर काढलं नाही. उपकार केल्यावर माणसांनी गोडही वागलं पाहिजे, अशी अट त्याने घातली नाही.

फ्रान्सिस बार्बरची गोष्ट तर सावकाश सांगावी अशी आहे. हा मुलगा जमैकात गुलामीत जन्मला आणि लहानपणीच इंग्लंडला आणला गेला. जॉन्सनची बायको वारल्यानंतर दोनच आठवड्यांत तो नोकर म्हणून त्याच्या घरी आला. जॉन्सन गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. त्याने या मुलाला नोकर म्हणून ठेवलं खरं, पण पुढे स्वतःच्या खर्चाने, चांगला मोठा झाल्यावर, शाळेतही घातलं. जॉन्सनची हॉज नावाची एक मांजर होती आणि तिला कालवं फार आवडत. ती आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जाई. मांजरासाठी धावपळ करायला लावून फ्रान्सिसला कमीपणा वाटू नये म्हणून तो असं करी, असं त्याची मैत्रीण हेस्टर थ्रेल हिने लिहून ठेवलं आहे. देशातला सर्वांत नावाजलेला लेखक, अंगाने अवाढव्य, डोळ्याने अधू, मांजराची कालवं हातात घेऊन रस्त्याने चालला आहे!

मित्रांच्या बाबतीतही तसंच. कवी ऑलिव्हर गोल्डस्मिथला घरमालकिणीने भाड्यापायी अडवून धरलं. त्याचा निरोप येताच जॉन्सनने एक गिनी पुढे पाठवली आणि मागोमाग स्वतः गेला. बघतो तो, त्या गिनीतली गोल्डस्मिथने दारू आणलेली! जॉन्सनने व्याख्यान दिलं नाही. बाटलीला बूच लावलं आणि विचारलं, विकण्यासारखं काही लिहून ठेवलं आहेस का? एका कादंबरीचं हस्तलिखित निघालं. ते घेऊन तो पुस्तकविक्रेत्याकडे गेला, साठ पौंडांना विकलं आणि पैसे आणून दिले. ती कादंबरी म्हणजे 'द व्हिकार ऑफ वेकफिल्ड'.

आणि ही शेवटची आठवण. हलाखीच्या दिवसांत रात्री उशिरा घरी परतताना जॉन्सनला दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली बेघर मुलं दिसत. तो त्यांच्या मिटलेल्या मुठीत पेनी ठेवून पुढे जाई, सकाळी उठल्यावर त्यांना न्याहारी करता यावी म्हणून. इथेही देणारा दिसत नाही आणि बुटांच्या वेळीही दिसत नव्हता. मग फरक कुठे आहे? मला वाटतं तो असा. पेनी मिळालेल्या मुलाला सकाळी कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. त्याला ओळखणारं, त्याच्याबद्दल बोलणारं तिथे कोणी नव्हतं. आणि पेनीचं काय घ्यायचं, हे त्याचं तोच ठरवणार होता. बूट मात्र अशा आवारात आले, जिथे उद्या त्याच मुलांसमोर ते घालून चालायचं होतं.

जॉन्सनला देव करू नये. वादात तो समोरच्याला तुडवायचा, आणि कधी कधी फक्त जिंकण्यासाठी बोलायचा. आणि एका बाबतीत तो स्वतः उशीर करून बसला होता. तरुणपणी वडिलांनी त्याला यूटॉक्सिटर गावच्या बाजारात पुस्तकांच्या ठेल्यावर बसायला बोलावलं होतं. गर्वापोटी त्याने नकार दिला. सुमारे पन्नास वर्षांनी, नामवंत झाल्यावर, म्हातारा जॉन्सन त्या बाजारात गेला आणि वडिलांचा ठेला जिथे असे तिथे बोडक्या डोक्याने बराच वेळ पावसात उभा राहिला. वडील जाऊन तेव्हा अर्धं शतक होत आलं होतं. उशिरा आलेल्या मदतीचा त्याला एवढा राग का, हे मला ही गोष्ट वाचल्यावर जास्त कळलं.

आई आजारी पडली, तेव्हाही असाच प्रसंग आला. जानेवारी १७५९ मध्ये ती लिचफिल्डला वारली. तिचा अंत्यविधी आणि तिची लहानसहान देणी भागवण्यासाठी जॉन्सनने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' ही कथा लिहिली. सुख शोधायला निघालेल्या ॲबिसिनियाच्या राजपुत्राची ही गोष्ट. तिचे त्याला शंभर पौंड मिळाले. ही कथा आपल्याकडेही आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचं मराठी भाषांतर करायला घेतलं आणि ते त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरं केलं. मुलाने आईसाठी लिहिलेलं पुस्तक मराठीत येताना वडिलांचं राहिलेलं काम मुलाने पुरं करावं, हा योगायोग मला फार आवडतो. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त जॉन्सनवर विस्ताराने लिहिलं. सरकारी नोकरी सोडल्यावर त्यांनी पहिलं मोठं काम केलं ते शाळा काढण्याचं. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं.

शाळेवरून शेवटाकडे येते. जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ रोजी गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला गॅरिकजवळ पुरलं. बंद पडलेल्या शाळेचे मास्तर आणि विद्यार्थी एका घोड्यावर आलटूनपालटून लंडनला आले होते, ते शेवटी शेजारी शेजारी विसावले. जॉन्सनने आपल्या मालमत्तेचा मोठा भाग फ्रान्सिस बार्बरला ठेवला. बार्बर लिचफिल्डला जाऊन राहिला आणि पुढे जवळच्या बर्नटवुड गावात त्याने शाळा चालवली. जॉन्सनची बुडालेली ईडियलची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. गुलामीत जन्मलेला मुलगा त्याच परिसरात मास्तर झाला. मदत कुठवर पोचते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता दुपारच्या चर्चेबद्दल तीनच गोष्टी सुचवते. पटल्या तर घ्या.

पहिली, वेळ. कार्यक्रमपत्रिकेत मदतवाटप डिसेंबरमधल्या स्नेहसंमेलनात आहे. फी, वह्या आणि एसटीचा पास मात्र जूनमध्ये लागतात. डिसेंबरपर्यंत ज्याला गळायचं तो गळून गेलेला असतो. पैसे जूनमध्ये शाळेकडे असू द्या.

दुसरी, नजर. व्यासपीठावर नाव पुकारून, दप्तर हातात देऊन फोटो काढायचा, आणि तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचा, हे कृपा करून नको. बक्षीस व्यासपीठावर द्यावं. ते मिळवलेलं असतं. मदत ऑफिसात, फीच्या पावतीवर परस्पर जमा व्हावी. कोणाची फी कोणी भरली, हे वर्गातल्या दुसऱ्या मुलाला कळायचं काहीच कारण नाही. आपल्यालाही नावं कळायची गरज नाही. किती रक्कम कशासाठी गेली, एवढा हिशेब आपल्याला पुरे.

तिसरी, विचारणं. पंचवीस दप्तरं एकदम घेतली तर स्वस्त पडतात, हे खरं. पण एखादीला दप्तर आहे, चष्मा नाही. एखाद्याला वह्या आहेत, संध्याकाळी अभ्यासाला जागा नाही. हे वर्गशिक्षकांना कळतं. समोर बसलेल्या बाई आणि सरांना आपल्यातल्या कोणाच्या घरी काय परिस्थिती होती, हे सगळं ठाऊक होतं. आजवर त्यांनी त्यातलं एक अक्षर कोणासमोर काढलेलं नाही. निधीचं वाटप त्यांच्यासारख्यांच्या हाती असावं, समितीच्या हाती नव्हे.

जॉन्सनच्या दारात बूट ठेवणारा माणूस वाईट नव्हता. आपणही वाईट नाही. म्हणून तर काळजी घ्यायची.

वेळेच्या बाबतीत मी जॉन्सनपेक्षा बरी निघाले, असं संयोजकांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. थांबते.